सांगली ते सॉल्सबरी : जुन्या इमारतींचे फोटो काढायला गेलो त्याची सगळी हकीगत

ताईची मुलगी इंग्लंडमध्ये रीडिंगला नोकरीला असते आणि दर फोनला 'मावशी, तू आणि आई या की एकदा' चालू असायचं. मला जायचं होतंच, पण लंडन आयच्या रांगेत उभं राहण्यात रस नव्हता, मला जुनी कॅथेड्रलं, पडके किल्ले, समुद्रकाठचे पांढरे कडे यांचे फोटो काढायचे होते. माहिती शोधायला गेले तर जे काही मिळतं ते गाडी भाड्यानं घेऊन फिरणाऱ्या पोरांचं. आम्ही दोघी पन्नाशी ओलांडलेल्या, तिकडे गाडी चालवणार नाही, सगळं ट्रेन नि बसनं. तसं कुणाला जायचं असेल तर उपयोगी पडेल म्हणून तारखा-पैशांसकट लिहून ठेवतेय.

प्रवासाच्या जास्तीत जास्त तीन महिने आधी व्हिसाचा अर्ज करता येतो. गणपती झाल्यावर निघायचं ठरलं होतं, म्हणून ८ जुलै २०२४ ला फॉर्म भरायला बसलो. ब्रिटन सरकारच्या साइटवरच भरायचा, एजंटची गरज नाही. फॉर्म लांबलचक आहे पण अवघड नाही, पगार किती, महिन्याला खर्च किती, ट्रिपला किती लागतील, पैसे कोण देणार, गेल्या दहा वर्षांत कुठं कुठं गेलात. अडलं ते भलत्याच ठिकाणी. आईवडलांच्या जन्मतारखा! वडलांची १ जून, म्हणजे मास्तरांनी लावलेली, त्या पिढीच्या निम्म्या महाराष्ट्राची असते तीच. आईची कुठंच नाही. शेवटी तिच्या जुन्या ओळखपत्रावरची तारीख दोघींनी सारखी टाकली. हे मुद्दाम सांगतेय, भावंडं एकत्र अर्ज करत असाल तर आधी बोलून घ्या, नाहीतर एकाच आईच्या दोन तारखा जायच्या.

सहा महिन्यांच्या व्हिजिटर व्हिसाची फी तेव्हा प्रत्येकी ११५ पौंड होती, रुपयांत बारा हजारांच्या वर (नंतर वाढली आहे, भरायच्या आधी बघा). कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार चालू करून ठेवा, आमचं पेमेंट पहिल्यांदा त्यापायीच अडकलं. कागद म्हणजे सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, इन्कम टॅक्स रिटर्न, ऑफिसचं रजेचं पत्र, भाचीचं बोलावण्याचं पत्र, तिच्या पगाराच्या स्लिपा आणि घराचा भाडेकरार. मी एक पानाचं पत्रही जोडलं, कुठल्या तारखांना कुठं जाणार आणि फोटोग्राफी हा छंद आहे, धंदा नाही हे त्यात स्पष्ट लिहिलं. व्हिजिटर व्हिसावर तिथं काम करता येत नाही, त्यामुळं क्लायंटसाठी फोटो काढणाऱ्यांनी नियम नीट वाचावेत.

१६ जुलैला पुण्यात बोटांचे ठसे आणि फोटो. आदल्या रात्री ताईच्या नणंदेकडे मुक्काम केला. सगळे कागद घरी स्कॅन करून चढवले होते म्हणून आत अर्ध्या तासात सुटलो. तिथं एसएमएस, लाउंज, स्कॅनिंग असल्या जादा सेवा विचारतात, त्या ऐच्छिक असतात, सरळ नको म्हणायचं. साधा निकाल तीन आठवड्यांत येतो म्हणतात. माझा पासपोर्ट २ ऑगस्टला आला, ताईचा नाही. मग काय, एका घरातले दोन अर्ज, कागद तेच, माझा झाला आणि तिचा का नाही, ती रात्री अकराला फोन करायची, "अगं, ती तारीखच नडली बघ." तीन दिवसांनी तिचाही आला. विमानाचं तिकीट त्यानंतर काढलं, मुंबई-लंडन जाऊन-येऊन प्रत्येकी साधारण बासष्ट हजार. व्हिसाआधी तिकीट काढू नका एवढंच म्हणेन, अर्जाला ते लागत नाही.

मधल्या महिन्यात अभ्यास केला. ताईची एकच काळजी, रस्त्यात कॅमेरा काढला तर कुणी ओरडेल का. तर नाही. ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यातच आहे की इमारती आणि सार्वजनिक जागी कायमचे उभे असलेले पुतळे यांचे फोटो खुशाल काढा. तिकीट काढून आत गेलात की मात्र मालकाचे नियम. नॅशनल ट्रस्ट आणि इंग्लिश हेरिटेज या दोन संस्थांकडे बरीचशी जुनी ठिकाणं आहेत, स्वतःसाठी फोटो चालतात, घराच्या आत फ्लॅश नि ट्रायपॉड नको, ड्रोन तर नकोच. भाचा 'माझा ड्रोन ने' म्हणत होता, घरीच ठेवला. दोन्ही संस्थांचे परदेशी पर्यटकांसाठी पास मिळतात. पण कॅथेड्रलं त्यात येत नाहीत आणि आमच्या यादीत तीच जास्त, म्हणून आम्ही सुटी तिकिटं काढली. तुमच्या यादीत किल्ले आणि वाडे जास्त असतील तर पास फायद्याचा.

१९ सप्टेंबरला मुंबईहून निघालो. विमानतळावर एक काम आवर्जून केलं, सामान चेक-इनला टाकायच्या आधी कस्टमकडून कॅमेऱ्याचं एक्सपोर्ट सर्टिफिकेट. परत येताना 'हे तिकडून आणलं का' असा प्रश्न आला तर दाखवायला. बॉडी, दोन लेन्सा, त्यांचे सीरियल नंबर, खरेदीच्या पावत्या. अधिकारी शोधण्यात नि सही-शिक्क्यात पाऊण तास गेला, तेवढं लवकर पोचा. जादा बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच ठेवायच्या असतात.

रीडिंगला पोचल्यावर आधी टू टुगेदर रेलकार्ड काढलं, तेव्हा ३० पौंड होतं, दोघांच्या नावावर मिळून एक. दोघं बरोबर असाल तर तिकिटावर एक तृतीयांश सूट. दोन-तीन फेऱ्यांत पैसे वसूल. पण सोमवार ते शुक्रवार ही सूट सकाळी साडेनऊनंतरच लागू होते, आणि फोटोवाल्याला हवा असतो सकाळचा उजेड! साडेनऊला निघून बाराला पोचायचं म्हणजे डोक्यावर ऊन (असलं तर), समोर टुरिस्ट बसेस. म्हणून दोन ठिकाणी रात्रीचा मुक्काम करायचं ठरवलं, सॉल्सबरी आणि कॉर्फ. बाकी सगळं रीडिंगहून.

पहिलं विंचेस्टर, २३ तारखेला, सोमवार मुद्दाम. रविवारी कॅथेड्रलांत प्रार्थना असतात, बघायला वेळ कमी मिळतो. पाऊस असा की छत्री उलटी. आत कादंबरीकार जेन ऑस्टिनची कबर आहे, तिथं बायकांची गर्दी. मला मात्र विल्यम वॉकरचं वेड लागलं होतं. हा पाणबुड्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इमारत एका बाजूनं खचायला लागली, पाया दलदलीत, खणलं की पाणी. तर १९०६ पासून जवळजवळ सहा वर्षं हा माणूस जड पोशाख घालून पायाखालच्या पाण्यात उतरायचा आणि गाळामुळं काही दिसत नाही म्हणून हातानं चाचपत काँक्रीटची पोती रचायचा, पंचवीस हजारांवर पोती. तळघरात अँटनी गॉर्मलीचा एक पुतळा उभा आहे, ओंजळीत बघणारा माणूस, हिवाळ्यात तळघरात पाणी भरलं की तो गुडघाभर पाण्यात दिसतो. आम्ही गेलो तेव्हा फरशी कोरडी. त्या प्रतिबिंबाचा फोटो हवा असेल तर पावसाळी थंडीतच जा.

दुसऱ्या दिवशी सॉल्सबरी, बेसिंगस्टोकला गाडी बदलून. इथं दोन रात्री राहिलो, स्टेशनपासून चालत जाण्यासारखं बी अँड बी (घरगुती लॉज), रात्रीचे ९५ पौंड दोघींचे, नाश्त्यासकट. कॅथेड्रलचा मनोरा १२३ मीटर, ब्रिटनमधल्या चर्चांत सगळ्यात उंच. जवळ उभं राहून तो फ्रेममध्ये बसतच नाही, कॅमेरा वर केला की इमारत मागे पडल्यासारखी दिसते. त्यासाठी गावाबाहेर हार्नमच्या कुरणांतून टाउन पाथ नावाची पायवाट जाते, तिथं जायचं. जॉन कॉन्स्टेबलनं १८३० च्या सुमारास या कुरणांतूनच कॅथेड्रल रंगवलं. २५ ला पहाटे आम्ही साडेसहाला तिथं होतो, सप्टेंबरअखेर सूर्य सातच्या आसपास उगवतो म्हणून हे जमलं, जूनमध्ये हाच सूर्य पाचच्या आत वर येतो, तेव्हा महिना ठरवताना याचा विचार करा. गवत ओलं कंच, बूट पाच मिनिटांत भिजले, आकाश राखाडी. पंधरा-वीस मिनिटं काहीच नाही. मग ढगाच्या खालच्या कडेनं उजेड आला आणि मनोऱ्याचं फक्त टोक पिवळं झालं, खालचं सगळं अजून निळसर. जेमतेम तीन-चार मिनिटं. एक गृहस्थ कुत्रा घेऊन चालले होते, ते आमच्यासाठी थांबून राहिले, फ्रेममध्ये यायला नको म्हणून. ताई म्हणाली, "अगं, येऊ दे त्यांना, माणूस असला की उंची कळते." बरोबर होतं तिचं, त्यांना खुणेनं जा म्हटलं, आणि तोच फोटो चांगला आलाय.

आत जायला तिकीट आहे. मुख्य इमारत १२२० ते १२५८ मध्ये झाली, एवढ्या मोठ्या कामाला अडतीस वर्षं म्हणजे झटपटच, त्यामुळं सगळी एका ढंगाची आहे. मध्यभागी विल्यम पाय यांनी केलेलं कांस्याचं पाण्याचं कुंड आहे, २००८ चं. चार कोपऱ्यांतून पाणी अखंड पडत असतं पण वरचा पृष्ठभाग आरशासारखा स्थिर. कॅमेरा काठाच्या उंचीवर आणला की अख्खं छत पाण्यात उलटं दिसतं. सगळे उभ्यानंच काढतात, तुम्ही वाका. ट्रायपॉड नव्हता म्हणून आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते) ३२०० वर ठेवलं आणि कोपरं पोटाशी दाबून श्वास रोखून काढले. खांब टेकायला बरे पडतात, पण आधी तिथल्या स्वयंसेवकांना विचारून घ्या, ते फार आपुलकीनं सांगतात. मॅग्ना कार्टाची (राजाच्या अधिकारांना मर्यादा घालणारी सनद) १२१५ ची मूळ प्रत इथं आहे, जगात चारच उरल्यात, तिचा फोटो काढू देत नाहीत. नुसतं बघायचं. बारीक अक्षर, ओळीला ओळ चिकटलेली, आपल्या मोडीतल्या जुन्या दस्तासारखी. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास गायनाची प्रार्थना असते, फुकट, पण कॅमेरा बॅगेत.

स्टोनहेंजला, म्हणजे प्राचीन उभ्या दगडांच्या वर्तुळाला, सॉल्सबरी स्टेशनवरून बस जाते. तिकिटाची वेळ ऑनलाइन आधी ठरवून ठेवावी. आम्ही दुपारचा उशिराचा स्लॉट घेतला, गर्दी ओसरते. वर्तुळाच्या आत सोडत नाहीत, भोवतीनं पायवाट आहे (आत जायचं असेल तर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी वेगळ्या महागड्या तिकिटावर, तेही बरंच आधी). पलीकडच्या बाजूची माणसं फोटोत नको असतील तर खाली बसून काढायचं, दगडांआड झाकली जातात. ए३०३ रस्त्यावरचे ट्रक मात्र दिसतात. तो रस्ता बोगद्यातून न्यायची योजना होती, ती जुलैमध्येच सरकारनं रद्द केली, तेव्हा ट्रक राहणार. आणि ऑगस्टमध्ये बातमी आली होती की मधला आल्टर स्टोन थेट स्कॉटलंडच्या ईशान्य भागातून आणलेला आहे, आधी सगळे वेल्सचा समजत होते. आमच्या बसमध्ये सगळे त्याच्यावरच बोलत होते. तो दगड पडलेला आहे, वरून दोन दगड त्याच्यावर आलेत, बाहेरून नीट दिसतही नाही. फोटोत तर मुळीच नाही.

कॉर्फ कॅसलला वेअरहॅमपर्यंत ट्रेन आणि पुढं बस. २८ ला शनिवार, गावात खोली ११० पौंड, याहून स्वस्त मिळालीच नाही. पडका किल्ला टेकडीवर, खाली दगडी गाव, आणि फोटोची जागा म्हणजे समोरची वेस्ट हिल. रविवारी पहाटे सहाला टॉर्च घेऊन चढलो. चढ छोटा पण उभा, ओला, शेळ्यामेंढ्यांच्या लेंड्यांतून. वर पोचलो तर धुकं असं की किल्ला सोडा, आम्हीच एकमेकींना धूसर. तिथं आधीच दोन-तीन ट्रायपॉडवाले होते, एकानं थर्मासमधली कॉफी पुढं केली. सातच्या पुढं धुकं हळूहळू खाली बसलं आणि आधी बुरुजाचं एक मोडकं टोक तेवढं वर आलं, मग भिंतीचा तुकडा, आणि गाव शेवटपर्यंत खाली बुडालेलंच. सूर्य किल्ल्याच्या मागून येतो, त्यामुळं काळी आकृती मिळते, दगडाचा रंग हवा असेल तर संध्याकाळी जावं लागेल.

हा किल्ला लढाईत पडला नाही. १६४६ मध्ये राजाविरुद्धच्या पार्लमेंटच्या सैन्यानं तो फितुरीनं घेतला आणि मग सुरुंग लावून फोडला, पुन्हा कुणी वापरू नये म्हणून. बुरुज तिरके घसरून तसेच उभे आहेत. १८१८ नंतर आपल्या गडांच्या वाटा नि दरवाजे इंग्रजांनी असेच फोडले, ते डोक्यात येतच राहतं, दुसरीकडं लक्ष लागत नाही. आणखी एक, सॉल्सबरीच्या कॅथेड्रलात जे काळे तुकतुकीत खांब बघितले त्यांचा दगड या पर्बेक भागातलाच, आणि कॉर्फ हे त्या दगडाच्या कामाचं गाव.

बाथला जास्त लिहीत नाही, सगळे लिहितात. रॉयल क्रेसेंटची तीस घरांची अर्धगोल रांग एका फ्रेममध्ये घ्यायला रुंद लेन्स लागते आणि पुढं गाड्या उभ्या असतातच. खरी मजा लेकॉकला. बाथहून बसनं गेलो. गाव नॅशनल ट्रस्टचं आहे, जुनं तसं राखलंय, विजेच्या तारा दिसत नाहीत. लोक राहतात हं त्या घरांत, खिडक्यांत लेन्स घालू नका. इथल्या मठात हेन्री फॉक्स टालबट राहायचा, आणि त्यानं ऑगस्ट १८३५ मध्ये आतल्या एका खिडकीचा फोटो काढला, तो जगातला सगळ्यात जुना शिल्लक निगेटिव्ह आहे. पोस्टाच्या तिकिटाएवढा. शेजारी त्यानं लिहून ठेवलंय की सुरुवातीला भिंग लावून खिडकीच्या काचांचे सुमारे २०० चौकोन मोजता येत होते. ती खिडकी अजून तिथंच आहे, शिशाच्या पट्ट्यांत बसवलेल्या तिरक्या बारीक काचा, बाहेर हिरवळ. लोक येतात, फोन काढतात, दहा सेकंदांत पुढं जातात. मी मात्र काचा मोजायला घेतल्या. ताईनं बाहेर बाकावर बसून आख्खं सफरचंद संपवलं तरी माझं चालूच.

वेल्सला (सॉमरसेटमधलं गाव, तो वेल्स प्रांत वेगळा) रेल्वे नाही, बाथहून बस, तासाच्या वर लागतो. कॅथेड्रलातल्या कात्रीसारख्या उलट-सुलट कमानी बघायला लोक येतात. मनोरा उंच केल्यावर पाया खचायला लागला म्हणून १३३८ ते १३४८ मध्ये घातलेला तो टेकू आहे, नक्षी नव्हे. बरोबर मधल्या रेषेवर उभं राहा नि मग काढा, वीतभर सरकलात तरी सगळं वाकडं. बाहेर व्हिकर्स क्लोज नावाची चौदाव्या शतकातली गल्ली आहे, दुपारी चारनंतर रिकामी मिळाली.

शेवटी ५ ऑक्टोबरला ब्रायटन. त्या दिवशी आमची गाडी रद्द झाली, पुढचीत उभ्यानं, पोचायला तासभर उशीर. तिकडे डिले रिपे म्हणून उशिराची भरपाई असते, तिकिटाचा फोटो जोडून २८ दिवसांत ऑनलाइन फॉर्म भरायचा, पैसे भाचीच्या खात्यावर आले. तिकीट फेकू नका एवढंच. सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांसाठी ब्रायटनहून सीफर्डला बस, तेव्हा सगळीकडे बसभाडं जास्तीत जास्त २ पौंड होतं. सीफर्डहून पुढं चालत, खाली दोन-तीन जुनी कोस्टगार्डची घरं आणि मागं कड्यांची रांग असा तो प्रसिद्ध देखावा दिसतो. उजेड दुपारनंतर चांगला पडतो. हे कडे खडूचे, आणि तो इतका पांढरा की कॅमेरा फसतो आणि फोटो करडे येतात, एक्स्पोजर थोडं वाढवून घ्या. कड्याच्या टोकाला जाऊ नका, खडू खालून पोखरलेला असतो, कधीही ढासळतो.

दुसऱ्या दिवशी रॉयल पॅव्हिलियन. घुमट, मिनार, जाळ्या, जॉन नॅश नावाच्या आर्किटेक्टनं १८१५ ते १८२३ मध्ये राजासाठी केलेला हिंदुस्थानी थाट. पहिल्या महायुद्धात इथंच आपल्या जखमी जवानांचं हॉस्पिटल होतं, जातीधर्माप्रमाणे वेगवेगळ्या चुली. जे हिंदू आणि शीख जवान गेले त्यांतल्या ५३ जणांना गावाबाहेरच्या टेकडीवर अग्नी दिला, त्या जागी १९२१ मध्ये छत्री उभारली. आराखडा मुंबईच्या ई. सी. हेन्रिक्स यांचा. पॅचमपर्यंत बस, पुढं गाडी जात नाही, तासभर चढण. पांढरा संगमरवरी घुमट, आठ खांब, समोर जिथं चिता रचल्या तिथं तीन मोठ्या ग्रॅनाइटच्या शिळा. बाकी चहूकडं गवत, मेंढ्या आणि सोसाट्याचा वारा. आदल्या दिवशी फोटोच्या जागांवर रांगा होत्या, इथं आम्ही दोघीच. ताई शिळांपाशी चपला काढून उभी राहिली, वाऱ्यात थंडगार गवतावर. नवरात्र चालू होतं. मी त्यावेळी कॅमेरा काढला नाही, नंतर काढले.

दसऱ्याला घरी होतो. विमान, व्हिसा, विमा, रेल्वे-बस, मुक्काम, तिकिटं सगळं धरून माणशी पावणेदोन लाखांच्या आसपास गेले, भाचीकडं राहिलो म्हणून एवढ्यात भागलं. नाहीतर रीडिंगच्या रात्रींचे आणखी धरा. सगळ्यात टोचल्या त्या सॉल्सबरी आणि कॉर्फच्या खोल्या, आणि हार्ड डिस्कवर बघितलं तर मोठे प्रिंट काढावेत असे बहुतेक फोटो त्या दोन पहाटांचेच आहेत. कॉर्फला मुक्काम करणार असाल तर शनिवार टाळा, तिथल्या बाईंनीच सांगितलं की मंगळवार-बुधवारी तीच खोली पंचवीस-तीस पौंडांनी खाली येते.